खांद्यावरची रायफल, छातीवरची दुर्बीण



मागच्या व्याख्यानात आपण 'अवजार' या कल्पनेविषयी बोललो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, अवजार आणि हत्यार यांत नेमका फरक काय?" आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आपली भाषाही इथे फारशी मदत करत नाही. सुतार आपल्या करवत-पटाशीला 'हत्यारं'च म्हणतो, आणि खंडेनवमीला घरातली जुनी तलवार आणि पाना-पक्कड शेजारी शेजारी ठेवून दोहोंवर फुलं वाहिली जातात.

घरी जाऊन विचार करताना लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक फार व्यवहारी प्रश्न उपयोगी पडेल. पायी शिकार करणारा माणूस रायफल आणि दुर्बीण या दोन वस्तू दिवसभर अंगावर कशा वागवतो? त्या त्रास न होता कशा वागवाव्यात? आज तेवढंच बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं रायफलीच्या पट्ट्यावर तासभर बोलावं हे जरा विचित्र वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका, मग हसा.

आधी एक खुलासा. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौशी शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली हे फार चांगलं झालं असं आमचं मत आहे. तेव्हा कुणी या व्याख्यानाला शिकारीचं आमंत्रण समजू नये. पण जगात अनेक ठिकाणी परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, पायी शिकार चालते. आणि जे ओझ्याबद्दल आपण शिकणार आहोत ते पक्षिनिरीक्षकाला, गस्तीवरच्या वनरक्षकाला, गळ्यात कॅमेरा अडकवून गड चढणाऱ्यालाही लागू आहे.

न सापडलेलं सांबर

१९६७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे. आमचे मामा चंद्रपूरकडच्या जंगलात त्या काळच्या रीतीप्रमाणे परवाना काढून शिकारीला जात. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला बरोबर नेलं. मामांकडे ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ बोअरची रायफल होती. तिला बोटभर रुंदीचा चामड्याचा पट्टा. गळ्यात कुठून तरी मिळालेली जुनी लष्करी दुर्बीण, चांगली किलोभर वजनाची, आणि तिची वादी इतकी लांब की दुर्बीण पोटावर येऊन आपटायची.

पहाटे निघालो. तासाभरानं आम्ही मागून पाहतोय तर मामांचा उजवा खांदा कानाकडे वर चढलेला. पट्टा घसरू नये म्हणून. उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात अडकवलेला आणि डावा हात पोटावरच्या दुर्बिणीवर, ती हलू नये म्हणून. म्हणजे दोन्ही हात ओझ्याच्या चाकरीत. मान पुढे, नजर जमिनीवर. तीन तास ते असे चालले.

एका नाल्यात उतरताना साठ-सत्तर पावलांवर सांबर उभं होतं. आम्हाला आधी दिसलं. मामांना दिसलं तेव्हा ते खाली वाकत होते. वाकताच दुर्बीण पोटावरून सुटली, पुढे झुलली आणि रायफलीच्या बोल्टवर खणकन आदळली. त्याच वेळी पट्टा खांद्यावरून कोपरापर्यंत आला. सांबरानं मान वर केली. मामांनी गडबडीत रायफल सावरली, धापा टाकत होते तशीच खांद्याला लावली आणि चाप ओढला. सांबर उडालं, पडलं, उठलं आणि रानात शिरलं.

दगडांवर रक्ताचे थेंब होते. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शोधलं. ते सापडलं नाही. मामांनी त्या रात्री ताटाला हात लावला नाही. पाच वर्षांनी कायदा आला तेव्हा नातेवाईक म्हणाले, "सरकारनं यांची शिकार बंद केली." आम्हाला ठाऊक होतं की ती त्या नाल्यातच बंद झाली होती. त्यानंतर मामांनी रायफल फक्त दसऱ्याला तेल लावण्यापुरती कपाटातून काढली.

लोक म्हणाले, नेम चुकला. आम्हीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. आता वाटतं की नेम चुकला तो शेवटच्या क्षणी, पण चूक पहाटेच झाली होती, ओझं अंगावर चढवताना.

ओझ्याचं गणित

आता थोडं गणित पाहू. दुर्बीण लावलेली शिकारीची रायफल साधारण साडेतीन ते चार किलोची असते. हातात धरायची दुर्बीण, दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची, ही पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे सगळं मिळून पाच किलोच्या आतबाहेर. पाच किलो म्हणजे काय, दळणाचा डबा. तो घेऊन गिरणीपर्यंत जाताना कुणी तक्रार करत नाही. मग रानात त्याचा एवढा जाच का होतो?

याला तीन कारणं आहेत. पहिलं म्हणजे वजन किती यापेक्षा ते किती जागेवर पडतं हे महत्त्वाचं. एक सेंटिमीटरच्या वादीऐवजी चार सेंटिमीटरचा पट्टा लावा, वजन तेच राहतं पण कातडीवरचा दाब सुमारे चौथा भाग होतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे पदार्थविज्ञान न शिकता माहीत होतं. डोक्यावर घागर घ्यायच्या आधी त्या चुंबळ ठेवत. चुंबळ घागरीचं वजन एका तोळ्यानंही कमी करत नाही, फक्त ते पसरवते. चांगला रुंद, मऊ पट्टा ही रायफलीची चुंबळच.

दुसरं कारण म्हणजे एकांगी ओझं. एका खांद्यावर चार किलो टांगले की शरीर तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला कलतं, आणि तो कल टिकवायला पाठीचे स्नायू दिवसभर राबतात. आपल्याकडे पडशी असायची. खांद्यावर टाकायची, अर्धं सामान छातीवर, अर्धं पाठीवर. कावडीचंही तेच. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात तेव्हा पाहा, ओझं प्रचंड असतं, पण दोन्ही बाजूंनी तोललेलं असतं.

तिसरं कारण म्हणजे झुलणं. स्थिर ओझं शरीर लवकर आपलंसं करतं. झुलणारं ओझं प्रत्येक पावलाला नव्यानं सावरावं लागतं. लांब वादीवरची दुर्बीण म्हणजे घड्याळाचा लंबक. शरीर प्रत्येक पावलाला तिला थांबवतं, आणि तासाला हजारो पावलं पडतात. थकवा तिथून येतो.

दुर्बीण : विसरता यावी अशी

आधी दुर्बीण घेऊ, कारण तिचं उत्तर सोपं आहे.

मानेवर तिला टांगू नये. मान आधीच चार-पाच किलोचं डोकं सांभाळते आहे, तिला आणखी काम देऊ नये. टांगायचीच असेल तर पट्टा रुंद हवा आणि आखूड हवा, इतका की दुर्बीण छातीच्या हाडावर बसेल. पण त्याहून बरा तो हार्नेस. दोन पट्टे दोन्ही खांद्यांवरून जातात, पाठीवर फुली करतात आणि काखेखालून पुढे येऊन दुर्बिणीला जोडले जातात. वजन मानेवरून उतरून खांद्यांवर आणि पाठीवर जातं. वाकलं तरी दुर्बीण अंगाला धरून राहते. पट्टे लवचीक असले तर डोळ्यांपर्यंत उचलतानाही अडत नाहीत. अलीकडे छातीवर झाकणाची छोटी पिशवी असलेले हार्नेसही मिळतात. धूळ, पाऊस, काट्यांपासून भिंगं वाचतात. मात्र झाकणाला वेलक्रो असेल तर ते उघडताना होणारा 'चर्र' आवाज रानात फार लांब जातो. चुंबकाचं किंवा साध्या लवचीक दोरीचं झाकण बरं.

इथे दोन बारकावे आहेत. एक, क्रम. हार्नेस आधी चढवायचा, सॅक त्यावर. म्हणजे विश्रांतीला सॅक उतरवली तरी दुर्बीण अंगावरच राहते. उलट केलंत तर प्रत्येक वेळी सगळी गुंतागुंत सोडवत बसावं लागेल. दोन, रायफलीचा दस्ता खांद्याच्या ज्या खळग्यात टेकतो तिथून हार्नेसचा पट्टा किंवा त्याचं बक्कल जाता कामा नये. घरीच, रिकामी रायफल दहा वेळा खांद्याला लावून हे तपासायचं. दस्ता बक्कलावर बसला तर तो घसरतो, आणि घसरला की काय होतं ते वर सांगितलंच.

पिशवीचं एक नुकसानही सांगायला हवं. छातीवर जाड पिशवी असली की पालथं पडून सरपटता येत नाही, आणि उतारावर पाय कुठे पडतो ते दिसत नाही. जिथे सरपटायचं काम जास्त, तिथे पिशवी नको, नुसता हार्नेस. सरपटताना दुर्बीण शर्टात सरकवावी किंवा पट्टे फिरवून बगलेकडे न्यावी.

हे सगळं जमलं की काय होतं? दुर्बीण नाहीशी होते. म्हणजे ती असते, पण जाणवत नाही. हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं १९२७च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण दिलं आहे. सुतार काम करत असतो तेव्हा त्याचं लक्ष हातोड्यावर नसतं, खिळ्यावर आणि फळीवर असतं. दांडा सैल झाला की मगच हातोडा त्याच्या नजरेत येतो. चांगलं अवजार वापरात लपून जातं. मामांच्या पोटावरची दुर्बीण तीन तास सतत जाणवत होती, त्यामुळे ज्यासाठी ती होती ते पाहणं मात्र झालंच नाही. तीन तासांत त्यांनी ती एकदाही डोळ्यांना लावल्याचं आम्हाला आठवत नाही.

रायफल : पाच तऱ्हा

रायफलीचं उत्तर एवढं सोपं नाही. ती वागवण्याच्या मुख्य तऱ्हा पाच, आणि प्रत्येकीत काहीतरी मिळतं आणि काहीतरी सोडावं लागतं.

पहिली, दोन्ही हातांत, छातीसमोर तिरपी. सर्वांत सावध तऱ्हा. नळीचं तोंड कुठे आहे ते सतत कळतं आणि क्षणात रायफल खांद्याला लागते. पण अर्ध्या तासात दंड भरून येतात, आणि चढणीवर हाताचा आधार घेता येत नाही.

दुसरी, खांद्यावर पट्टा, नळी वर. सर्वांत प्रचलित. लांब पल्ल्याला बरी, पण पट्टा घसरतो, विशेषतः गुळगुळीत कापडाच्या जाकिटावर. पट्ट्याची आतली बाजू खरखरीत किंवा रबरी हवी, नाहीतर जाकिटाच्या खांद्याला एक जाड शिवण किंवा गुंडी लावून घ्यावी. सॅकचा पट्टा आधीच खांद्यावर असेल तर रायफलीचा पट्टा त्याच्या बाहेरच्या कडेला लटकतो आणि लगेच ओघळतो. शिवाय नळी डोक्याच्या वर येते, फांद्यांना अडकते, आणि पावसात नळीत पाणी जातं. त्यासाठी नळीच्या तोंडावर साधी चिकटपट्टी लावतात.

तिसरी, डाव्या खांद्यावर, नळी खाली. आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांची म्हणून ओळखली जाते. डावा हात रायफलीच्या पुढच्या लाकडावर असतो, एका झटक्यात ती वर येते. पाऊस नळीत जात नाही, फांद्या अडत नाहीत. पण डोंगरात बसताना किंवा उतरताना नळीचं तोंड चिखलात किंवा बर्फात रुतू शकतं, आणि तोंड बुजलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटू शकते. सपाट मुलखात छान, घाटात जपून.

चौथी, दोन पट्ट्यांनी पाठीवर. बायथलॉन हा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. १९६० पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. बर्फावर स्की करत जायचं आणि मधे मधे थांबून पन्नास मीटरवर नेम मारायचा. त्यांच्या रायफलीचं वजन नियमानं किमान साडेतीन किलो असावं लागतं, म्हणजे शिकारीच्या रायफलीइतकंच. ती दोन पट्ट्यांनी दप्तरासारखी पाठीवर बसते आणि खेळाडू पूर्ण वेगानं जातो. ओझं मधोमध, झुलणं नाही, हात मोकळे. अवघड चढणीला हीच तऱ्हा उत्तम, मात्र रायफल हातात यायला वेळ लागतो.

पाचवी, सॅकला अडकवून. दस्ता सॅकच्या कमरपट्ट्याजवळच्या खोबणीत, नळी खांद्याजवळच्या फासात. इथे वजन खांद्यावरून कमरेच्या हाडांवर उतरतं, आणि शरीरात ओझं वाहायला त्याहून भक्कम जागा नाही.

यांतली कुठली निवडायची? आमच्या मते 'कुठली एक' हा प्रश्नच चुकीचा आहे. दिवस बदलतो तशी तऱ्हा बदलायची. गाडीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत पाठीवर किंवा सॅकला, कोठीत काडतूस नाही. माथ्यावर आल्यावर खांद्यावर. झाडीत शिरल्यावर, जनावर जवळ असण्याचा संभव असेल तेव्हा दोन्ही हातांत. जशी गरज जवळ येते तसा आराम थोडा थोडा सोडत जायचं, आणि सोडायला तो आधी शिल्लक असायला हवा. मामांनी तो पहिल्या तासातच संपवला होता.

कुंपण किंवा ओढा ओलांडताना मात्र एकच नियम. रायफल रिकामी करायची, नळी सोबत्याच्या दिशेला येणार नाही अशी पलीकडे ठेवायची किंवा सोबत्याच्या हाती द्यायची, मग आपण जायचं.

टोपीतलं पीस

मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १९४५च्या ग्रंथात एक गमतीचं उदाहरण आहे. एक बाई टोपीत लांब पीस खोवून फिरते. दारातून जाताना, गर्दीतून जाताना ती मोजमाप करत नाही, तरी पीस कुठे अडकत नाही. तिचं शरीर पिसाच्या टोकापर्यंत वाढलेलं असतं. आंधळ्याच्या काठीचंही तसंच, त्याचा स्पर्श काठीच्या टोकाशी असतो.

खांद्यावरची रायफल पिसासारखीच डोक्याच्या वर हातभर येते. नवखा माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक फांदीला ती अडकवतो. आठ दिवसांनी नकळत वाकू लागतो. मग ती शरीराचा भाग झाली म्हणायची का? दुर्बिणीसारखी नाहीशी झाली का?

इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. पीस कुणाला मारत नाही. काठीही नाही. हायडेगरचा हातोडा वापरात लपला तर काम चांगलं होतं. रायफल अशी लपली, तिचा विसर पडला, तर नळीचं तोंड पुढच्या माणसाच्या पाठीवर रोखलं जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रायफल जड वाटू नये, पण तिचा विसरही पडू नये. नळीचं तोंड कुठे आहे, कोठीत काडतूस आहे की नाही, या दोन गोष्टी मनात सतत जाग्या राहायला हव्यात. जिन्यातल्या त्या प्रश्नाला आमचं उत्तर हे आहे. ज्याचा विसर पडला की काम चांगलं होतं ते अवजार, आणि ज्याचा विसर पडून चालत नाही ते हत्यार. सुतार म्हणेल, मग माझी पटाशी? त्याचं बोट मधे येतं तेव्हा तीही हत्यार होते.

डोंगरापलीकडचं खेचर

दोन्ही वस्तू एकाच माणसाच्या अंगावर का हव्यात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमचे चिरंजीव अमेरिकेत कोलोरॅडोत असतात. त्यांचे एक शेजारी, निवृत्त सुतार, दर ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला पायी जातात. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलाच, पण बराच मोठा. एका वर्षी ते आम्हाला बरोबर घेऊन गेले. आमच्याकडे फक्त दुर्बीण. तिथे रायफलीच्या हंगामात कमरेच्या वर ठरावीक आकाराचं भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावंच लागतं, तेव्हा आम्हीही नारिंगी बंडी घालून रुबाबात निघालो.

संध्याकाळी एका कड्यावर बसलो होतो. दरीपलीकडे गर्द झाडीत काहीतरी हललं. तपकिरी मान, तपकिरी खांदा. आम्ही कुजबुजलो, "एल्क." शेजाऱ्यांची रायफल मांडीशेजारी होती, तिच्यावरच्या दुर्बिणीची झाकणं बंद. त्यांनी छातीवरची दुर्बीण उचलली आणि बराच वेळ पाहिलं. मग आम्हाला पाहायला सांगितलं. ते खेचर होतं. पाठीवर सामान होतं आणि पलीकडच्या बाजूला एक माणूस वाकून दोर आवळत होता. त्याची नारिंगी बंडी खेचराआड होती.

शेजारी काही बोलले नाहीत. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या बंद झाकणावर त्यांनी फक्त बोट टेकवलं. आम्हाला कळलं. छातीवरची दुर्बीण जड झाली, मान दुखू लागली की माणूस ती सॅकमध्ये टाकतो. मग काही हललं की रायफल उचलून तिच्यावरच्या दुर्बिणीतून पाहतो. म्हणजे काय आहे हे कळायच्या आधीच त्याच्यावर नळी रोखतो. त्या संध्याकाळी समोर माणूस होता. पट्टा आरामाचा असणं ही चैनीची बाब नाही, ती कुणाच्या तरी जिवाची बाब असू शकते.

डाव्या हातातली अंडी

शेवटी एक ऐकलेली गोष्ट, आपल्याकडची. जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँमध्ये नरभक्षक वाघांचा पायी माग काढला. चौगडच्या वाघिणीची हकिगत त्यांच्या १९४४च्या पुस्तकात आहे. ११ एप्रिल १९३०चा दिवस. एका घळीतून उतरताना त्यांना रातव्याची दोन अंडी दिसली. कॉर्बेट यांना अंडी जमवायचा छंद, त्यांनी ती डाव्या हातात घेतली. उजव्या हातात हलकी .२७५ रायफल, छातीवर तिरपी धरलेली. एका मोठ्या दगडाला वळसा घालून त्यांनी मागे पाहिलं तर आठ फुटांवर वाघीण बसलेली, त्यांच्याकडेच पाहत.

नळी भलत्याच दिशेला होती. ती जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवायची होती, तीही एका हातानं. त्यांनी ती अगदी सावकाश फिरवली, वाघिणीला हालचाल जाणवू नये इतकी सावकाश, आणि गोळी झाडली. पुढे ते लिहितात त्याचा आशय असा : डावा हात अंड्यांत गुंतला नसता तर आपण दोन्ही हातांनी रायफल धरून झटकन वळलो असतो, आणि वाघिणीनं झेप घेतली असती. आणि रायफल जड असती तर एका हातानं ती फिरलीच नसती. नंतर त्यांनी ती अंडी, अजून उबदार असतानाच, जागेवर नेऊन ठेवली.

लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. कॉर्बेटही तिला थोडीफार तशीच मानतात. आम्हाला त्यात वेगळं दिसतं. दिवसभर डोंगर तुडवल्यावरही त्या माणसाच्या उजव्या हाताला रायफल सावकाश फिरवण्याइतकी ताकद उरली होती. थकलेला हात घाई करतो, आणि घाई न करता आलेला हात हा दिवसभर ओझं नीट वाहिल्याचा मोबदला असतो.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये शिकारीवर एक दीर्घ प्रस्तावना लिहिली. त्यांच्या मते शिकारी हा सावध माणसाचा नमुना आहे. काय घडेल, कुठून घडेल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो एकाच जागी नजर न रोखता सगळीकडे लक्ष ठेवतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू की असं अवधान निव्वळ मनाच्या निग्रहानं टिकत नाही. ज्याचा खांदा कानाला भिडलाय आणि मान आखडलीय, त्याचं लक्ष सगळीकडे जाणार नाही. ते खांद्यावर आणि मानेवरच जाईल.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आम्ही फक्त पक्षी पाहतो. रायफलीचा प्रश्नच नाही. आम्ही काय करावं?*

उत्तर : तुमचं अर्धं काम आधीच झालं! हार्नेस घ्या, किंवा असलेला पट्टा आखडा, दुर्बीण छातीच्या हाडावर येईल इतका. हार्नेस आधी, सॅक नंतर, हे विसरू नका. आणि गळ्यात कॅमेरा आणि दुर्बीण दोन्ही एकदम टांगू नका, ती एकमेकांवर आपटतात आणि पक्षी उडतो. एक छातीवर, दुसरं बगलेत तिरपं.

*प्रश्न : सर, तुम्ही जे सांगितलंत त्यानं मारणं जास्त सोपं होतं. शिकाऱ्याला आराम देऊन आपण हिंसेलाच मदत करत नाही का?*

उत्तर : हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला पळवाट नाही. शिकार करावी की नाही याचं उत्तर पट्ट्यात नाही. आमच्यापुरतं आम्ही ते उत्तर १९६७ मध्येच दिलं. त्यानंतर रायफल हातात धरलेली नाही.

पण जिथे शिकार होतेच आहे, तिथली एक गोष्ट पाहा. दमलेला, आखडलेला, धापा टाकणारा माणूस जेव्हा समोर जनावर पाहतो तेव्हा त्याला वाटतं, एवढे कष्ट केले, आता सोडायचं नाही. आमच्या मामांचं तसंच झालं. कोलोरॅडोतले ते शेजारी तीन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी खरा एल्क दिसला, दीडशे मीटरवर, पण झाडाआड, अर्धाच. त्यांनी रायफल खांद्याला लावली, थोडा वेळ तशीच धरली, मग खाली घेतली, कोठी रिकामी केली आणि म्हणाले, "नीट दिसत नाही." एल्क चालत निघून गेला.

ते आनंदानं घरी आले. आम्ही जिना चढताना पाहिलं, त्यांचे दोन्ही खांदे अगदी सरळ रेषेत होते.